व्हिसाची फाइल कोणाच्या नावावर?

परदेशातली नोकरी ठरली की घरचे दोन प्रश्न विचारतात, पगार किती आणि शहर कुठलं. व्हिसा कुठल्या प्रकारचा आणि तो संपल्यावर पुढे काय, हे सांगली-साताऱ्यात मी अजून कुणाला विचारताना ऐकलेलं नाही. बाहेर पडणं आपल्या भागाला नवं नाही. खानापूर-आटपाडीची गलाई मंडळी सोनं-चांदी आटवायला भारतभर गेली आणि पिढ्यान्पिढ्या तिकडेच स्थिरावली. त्यांना कुणी मुदत घालून दिली नव्हती. इंजिनिअरला ती पासपोर्टवरच मिळते.

मी सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून शिकले आणि पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. नवरा कराडचा, तोही इंजिनिअर. २०१५ मध्ये माझ्यापुढे दोन रस्ते होते. माझीच कंपनी मला एल-१बी व्हिसावर अमेरिकेतल्या शाखेत पाठवायला तयार होती. दुसरी एक कंपनी एच-१बीसाठी माझं नाव घालणार होती. एच-१बीचा कोटा ६५ हजारांचा, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार. त्या वर्षी सुमारे २ लाख ३३ हजार अर्ज आले आणि सोडत काढावी लागली. एल-१ला सोडत नाही. कंपनीत वर्षभर काम झालेलं असावं लागतं, आणि नवऱ्यालाही तिथे नोकरीची परवानगी मिळते. एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला ती परवानगी साधारणपणे ग्रीन कार्डचा आय-१४० अर्ज मंजूर झाल्यावरच मिळते. साहजिकच आम्ही एल-१बी घेतला. ग्रीन कार्डबद्दल कंपनी म्हणाली, तिकडे गेल्यावर बघू.

ते ‘बघू’ चार वर्षं चाललं. एल-१वर असलेल्या माणसाला कंपनी बदलता येत नाही, आणि हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं. माझ्यासारख्या तज्ज्ञ कर्मचाऱ्याला एल-१बीवर पाच वर्षं मिळतात, व्यवस्थापकाला एल-१एवर सात. त्यापुढे एक दिवसही नाही, मग ग्रीन कार्डचा अर्ज कुठल्याही टप्प्यावर असो. एच-१बीचं तसं नाही. त्याची मुदत सहा वर्षांची, पण त्याआत आय-१४० मंजूर झाला आणि ग्रीन कार्डची रांग लांब असली, तर तीन-तीन वर्षांनी तो वाढत राहतो. शिवाय नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की तिकडे कामाला लागता येतं. माझा ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीने २०२० मध्ये हातात घेतला आणि नोकरकपात झाल्यावर थांबवला. मधल्या काळात एच-१बीच्या सोडतीत नाव घालून पाहिलं, लागलं नाही. लागलं असतं तरी एल-१वरची वर्षं एच-१बीच्या सहा वर्षांतून वजा झाली असती. २०२१ मध्ये मुलीची शाळा तोडून आम्ही सांगलीला परतलो. मैत्रिणी तिकडे राहिल्याचं दुःख तिला किती दिवस पुरलं, ते मी रोज पाहत होते. ते टाळता आलं असतं, म्हणूनच हे सगळं सांगते आहे.

आता विश्रामबागेत, इस्लामपुरात, कराडात कुणी विचारायला आलं की मी आधी एकच गोष्ट विचारते, फाइल कोणाच्या नावावर आहे? जमीन कसणारा कोण आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचं, यातला फरक आपल्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. व्हिसाचंही तेच आहे. एल-१ पूर्णपणे कंपनीचा. एच-१बीही कंपनीचाच, पण दुसऱ्या कंपनीकडे नेता येणारा. ग्रीन कार्डचा अर्ज स्वतःच्या नावावर स्वतः करता येतो तो ईबी-१ए या असामान्य गुणवत्तेच्या वर्गात, किंवा ईबी-२मधल्या राष्ट्रहिताच्या सवलतीवर. पीएचडी झालेल्यांनी, संशोधनात खरोखर काम असलेल्यांनी हा विचार जरूर करावा. पण पैसे घेऊन पुरस्कार आणि लेख ‘मिळवून देणारे’ एजंट भेटले, तर तिथूनच मागे फिरा. खोट्या कागदाचा डाग पुढच्या प्रत्येक अर्जाला लागतो.

राष्ट्रहिताच्या सवलतीने कंपनीची गरज संपते, रांग संपत नाही. ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा आहे. २०२५ च्या मध्यावर ईबी-२मध्ये भारतात जन्मलेल्यांची रांग जानेवारी २०१३ च्या तारखेवर होती, ईबी-१ची फेब्रुवारी २०२२ वर. मुलं २१ वर्षांची झाली की बहुतेक वेळा आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात, तेव्हा मुलांचं वय आजच मोजा. आणि इथे देश धरतात तो जन्माचा, नागरिकत्वाचा नव्हे. जोडीदाराचा जन्म कुवेत किंवा दुबईत झाला असेल, तर त्या देशाच्या रांगेतून दोघांनाही जाता येतं. आखातात राहिलेली कुटुंबं आपल्याकडे कमी नाहीत. हे वकिलाला आपणहून सांगावं.

जन्मावरून कागदपत्रांकडे येते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे राहणं साताऱ्यात आणि जन्माची नोंद जत किंवा खटावच्या एखाद्या ग्रामपंचायतीत. नोंदीत बाळाचं नाव नाही, आणि शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली १ जून. ग्रीन कार्डच्या शेवटच्या टप्प्यावर हे निघालं की धावपळ होते. नोंदच नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणि शाळेचा दाखला जोडावा लागतो. वर्षाहून उशिराच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आजी-आजोबा हयात आहेत तोवर हे करून घ्या.

अमेरिकाच का, हेही विचारावं. २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर भरायचा आदेश लागू झाला. एवढी रक्कम भरून फ्रेशरला नेणारी कंपनी विरळाच. जर्मनीत ब्लू कार्ड या कामाच्या परवान्यावर बी-१ पातळीची जर्मन भाषा आली, तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. पुण्यातल्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकत दोन वर्षं घालवणं मला त्या मानाने स्वस्त वाटतं. कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीत वयाचे गुण तिशीपासून घटू लागतात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात. तिकडे जायचं असेल तर पस्तिशीपर्यंत थांबू नये.

आणि अमेरिकाच ठरली, तर एच-१बीच्या अर्जाची कायदेशीर फी कंपनीनेच भरायची असते. ती तुमच्याकडून मागणारी, किंवा तिकडे नेऊन काम मिळेपर्यंत बिनपगारी बसवणारी कंपनी कायदा मोडते आहे. अशा कंपनीचं ऑफर लेटर घेऊ नका. चांगल्या कंपनीलाही सही करण्याआधी ईमेलवर विचारा, की ग्रीन कार्डचा अर्ज कितव्या महिन्यात सुरू करणार? उत्तर लेखी येत नसेल, तर पुण्यातली नोकरी सोडू नका.