भातासाठी बांधावर लावा गिरिपुष्प



माघ-फाल्गुनात पाने झडलेल्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे तुरे दिसतात, ते गिरिपुष्प. आपल्याकडे यास उंदीरमारी असेही म्हणतात. हे शेंगवर्गीय झुडूप मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र घेतात. वाळलेल्या पानांत साधारण ३ ते ४ टक्के नत्र असते.

राब भाजताना पाल्यातील नत्र धुरावाटे निघून जाते. हाती राहते ती राख. तोच पाला चिखलात गाडला तर नत्र भाताला मिळते व जमिनीत सेंद्रिय पदार्थही वाढतो. म्हणून चारसूत्री भात लागवडीत गिरिपुष्पाच्या पाल्याला स्थान दिले आहे.

जागेची निवड

रेवस परिसरात ही बाब सर्वांत महत्त्वाची. धरमतर खाडीच्या मुखाशी असलेल्या या भागात बांधाला खांड गेली की खारे पाणी शेतात शिरते. अशा खाऱ्या, पाणी साचणाऱ्या शेतात गिरिपुष्प लावू नये. मुळे कुजून लागवड वाया जाते. तेथे क्षार व पाणी सहन करणारा धैंचा घ्यावा. गिरिपुष्पासाठी गोड्या शेताचे उंच बांध, वरकस जमीन व कुंपणाची कड निवडावी.

लागवड

पावसाने जमीन चांगली भिजल्यावर, जून-जुलैमध्ये, अंगठ्याहून थोड्या जाड, पक्व फांद्यांचे २ ते ३ फूट लांबीचे तुकडे घ्यावेत. खालचे टोक तिरके कापावे. अर्ध्या ते एक मीटर अंतरावर फूटभर खोल लावून माती घट्ट दाबावी. उथळ, खडकाळ जमिनीत बियांपासून केलेली रोपे बरी, कारण त्यांचे सोटमूळ खोल जाते. बी रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत पेरावे.

पाल्याचा वापर

पहिल्या वर्षी छाटणी करू नये. त्यानंतर सुमारे एक मीटर खोड ठेवून फांद्या तोडाव्यात. लावणीपूर्वी ६ ते ८ दिवस गुंठ्यास ३० किलो कोवळा पाला फांद्यांसह खाचरात पसरावा. पाने गळाली की काड्या उचलून सरपणास न्याव्यात व चिखलणी करावी. दहा गुंठ्यांना ३०० किलो पाला लागतो, हे ध्यानात घेऊन झुडपांची संख्या ठरवावी.

या पाल्याने भाताची नत्राची सर्व गरज भागत नाही. त्यामुळे शिफारशीप्रमाणे उरलेले खत द्यावेच, परंतु त्यातून पाल्याचे नत्र वजा करावे. तेवढा युरियाचा खर्च वाचतो.

दक्षता

मध्य अमेरिकेत याची साल शिजवलेल्या मक्यात मिसळून उंदीर मारण्यासाठी वापरतात. म्हणून मुलांना बिया व साल तोंडात घालू देऊ नये. घोड्यांना हा पाला घालू नये.

बंधूंनो, विकतच्या खताची वाट पाहावी लागते. बांधावरचा पाला आपल्या हातचा असतो. मिरग लागण्यापूर्वी फांद्या कोठून आणायच्या ते ठरवा आणि या पावसात निदान एक बांध तरी लावून पाहा.