झेंडूच्या पाकळीचें वाळविणें

दसऱ्याचें तोरण चार दिवस उन्हांत राहिलें कीं त्याचा केशरी रंग विटतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. आम्हीही पूर्वीं समजत असूं कीं, वाळविणें तें वाळविणें. ऊन काय, सावली काय! परंतु तसें नाहीं.

झेंडूचा रंग मुख्यत्वें ल्यूटीन नामक द्रव्याचा होय. हेंच द्रव्य आपल्या नेत्रपटलाच्या मध्यभागीं असतें. शरीरास तें निर्माण करितां येत नाहीं. अन्नांतूनच मिळवावें लागतें. म्हणून कारखान्यांत तें वाळलेल्या पाकळ्यांतून काढितात.

प्रकाश, उष्णता व हवेंतील प्राणवायु हे ल्यूटीनचे तीन वैरी. कडक उन्हांत तिघेही एकत्र येतात. मग दमट कोपऱ्यांत सावकाश वाळवावें काय? तेंही नको. पाकळी ओली असेपर्यंत तिच्यांतील विकरें आपलें विघटनाचें कार्य चालूं ठेवितात, आणि बुरशीही धरते. गोठवून निर्वातांत वाळविल्यास बर्फाची थेट वाफ होते व ल्यूटीन पुष्कळ टिकतें. पण ही रीति खर्चाची. घरीं पाकळ्या सावलींत, वाऱ्यावर, विरळ पसराव्या. कुरकुरीत होतांच घट्ट झांकणाच्या बरणींत भरून अंधारांत ठेवाव्या.

विद्यार्थिमित्रहो, एकाच फुलाच्या पाकळ्या उन्हांत व सावलींत निरनिराळ्या वाळवून त्यांचा रंग ताडून पाहा. मात्र बाजारच्या फुलांवर कीटकनाशक फवारलेलें असण्याचा संभव असतो. यास्तव पालकांनीं तीं मुलांस खाऊं देऊं नयेत, अशी आमची विनंति आहे.