सामाईक भिंत आणि उताराचें पाणी

भूमितीच्या तासाला आपण उताराचें गुणोत्तर काढतों. तेंच अंगणांत चुकलें म्हणजे दोन घरें एकमेकांशीं बोलेनाशीं होतात. बागलाण तालुक्यांतील नामपूर हें मोसम नदीकांठचें गांव, पाऊस बेताचा. तरी एक गुंठा अंगणावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारें २,५७० लिटर पाणी होतें. एकानें मुरूम टाकून अंगण हातभर उंच केलें, कीं तें सारें सामाईक भिंतीच्या पायाशीं तुंबतें. मातींत बांधलेली भिंत तें शोषते आणि शेजाऱ्याच्या बाजूस कलते.

वरचा म्हणतो, “पाणी उताराकडेच जाणार.” खालचा म्हणतो, “माझ्या हद्दींत थेंब येऊं देणार नाहीं.” दोघांचेंही म्हणणें अर्धेंच खरें. सन १८८२ च्या इझमेंटच्या कायद्यांतील ७ व्या कलमाच्या दृष्टांताप्रमाणें, वरच्या जमिनीवर पडलेलें पाणी नैसर्गिक रीतीनें खालीं वाहूं देणें खालच्या मालकास भाग आहे. सारा भर ‘नैसर्गिक’ या शब्दावर आहे. भर घालून फिरविलेला उतार, किंवा पन्हळीनें एके ठिकाणीं गोळा करून सोडलेली धार, त्यांत बसत नाहीं. मात्र तीच धार वीस वर्षें उघडपणें, निर्वेधपणें व हक्क म्हणून वाहिली, तर १५ व्या कलमान्वयें तिचा हक्क होऊं शकतो. भिडस्त शेजाऱ्यानें म्हणूनच परवानगी द्यावयाची तर लेखी द्यावी. परवानगीनें वाहिलेल्या पाण्याचा असा हक्क होत नाहीं.

शेताच्या बांधाची गोष्ट वेगळी. तेथें पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवून पिकाच्या जमिनीचें नुकसान करणारा अडथळा काढविण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्यानें दिला आहे. पण दावा सहा महिन्यांच्या आंत लावावा लागतो. घराच्या भिंतीसाठीं दिवाणी कोर्टाचीच वाट. हा तंटा जुनाच म्हणावयाचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही शेजाऱ्याच्या भिंतीपासून पाण्याची वाट किती दूर असावी याचें माप असून तें मोडणारास ५४ पण दंड सांगितला आहे.

कोर्टापूर्वीं एक साधा प्रयोग करावा. पारदर्शक नळींत पाणी भरून तिचीं टोकें दोन्ही अंगणांत धरिलीं, कीं पातळींतील फरक डोळ्यांस दिसतो. नळी धरावयास दोन माणसें लागतात. दुसरें टोंक शेजाऱ्याच्याच हातीं द्यावें, म्हणजे मापावर मागाहून वाद निघत नाहीं. नंतर भिंतीस टेकलेली भर काढून, भिंतीपासून दूर दहा फुटांस तीन इंच, म्हणजे चाळिसांस एक, असा उतार द्यावा व पाणी नालीनें रस्त्याच्या गटारांत सोडावें. हें काम मृगापूर्वींच उरकावें. भिजलेल्या मातीवर धुमस नीट बसत नाहीं.