दिसतो, पण उघडत नाही : संकेतस्थळावरील मेनूच्या दुरुस्तीचा एक पाठ

वर्धापनदिनाच्या निमित्ताने आम्ही शाळेच्या संकेतस्थळावर झेंडूच्या फुलांचे तोरण चढविले. पान शोभिवंत दिसू लागले. चारच दिवसांत एका पालकांचा दूरध्वनी आला. ‘प्रवेश’ हा शब्द दिसतो, पण दाबल्यावर काहीच उघडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. दोष त्यांच्या मोबाइलचा असावा, असे आम्ही सांगून टाकले. दोन दिवसांनी ते गृहस्थ एका दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी.ने प्रवास करून, अर्जासाठी शाळेत हजर झाले. त्यांचा मोबाइल हातात घेऊन पाहिला तेव्हा दोष आमचाच असल्याचे कळले. कार्यालयात आम्ही सारे व्यवस्थापनाच्या वेगळ्या पानावरून काम करीत असल्याने दर्शनी पानावरील मेनू कोणी दाबून पाहिलाच नव्हता.

संगणक कक्षातील विद्यार्थ्यांसह आम्ही हा दोष कसा शोधला, ते येथे क्रमाने देत आहोत. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज आपल्या संस्थांची, दुकानांची व बचत गटांची संकेतस्थळे सांभाळतात. त्यांना याचा उपयोग व्हावा.

थरांची रचना

वेब पान कागदासारखे सपाट दिसले, तरी त्याची रचना थरांची असते. मेजावरील काचेखाली ठेवलेले वेळापत्रक वाचता येते, पण त्याला बोट लागत नाही. बोट काचेलाच लागते. पानाचेही तसेच आहे. आपण जेथे क्लिक करतो, त्या बिंदूवर सर्वांत वर कोणता घटक आहे हे ब्राउझर पाहतो आणि क्लिक त्यालाच देतो. तो घटक पारदर्शक असला तरी फरक पडत नाही. ‘ऑपॅसिटी’ शून्य केलेला घटक डोळ्यांना दिसत नाही, तरीही क्लिक अडवितो. ‘डिस्प्ले : नन’ किंवा ‘व्हिजिबिलिटी : हिडन’ केलेला घटक मात्र अडवीत नाही.

आमच्या तोरणाचे चित्र असेच होते. वरच्या काठाला फुले, खाली रिकामी पारदर्शक जागा, आणि नेमक्या त्या जागेखाली मेनू.

शोधाच्या पायऱ्या

१. प्रथम माउस बाजूला ठेवावा. टॅब ही कळ दाबत मेनूतील दुव्यापर्यंत जावे आणि एंटर दाबावे. पान उघडले, तर दुवा शाबूत आहे व अडथळा बहुधा वरच्या थराचा आहे. आमचे पान उघडले.

२. पान उघडले नाही, तर दुव्याला पत्ता दिला आहे का ते तपासावे. पत्त्याच्या जागी नुसते ‘#’ चिन्ह राहून गेलेले पुष्कळदा आढळते. मग एफ१२ दाबून कन्सोल उघडावे. तेथे जावास्क्रिप्टची चूक लाल अक्षरांत दिसल्यास आधी ती दुरुस्त करावी. तिच्यामुळे उपमेनू उघडण्याचे काम थांबलेले असू शकते.

३. अडथळा वरचा असल्यास मेनूवर उजवे बटण दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडावे. मेनूऐवजी भलताच घटक ठळक झाला, तर अडविणारा तोच. आमच्या पडद्यावर तोरणाचे चित्र ठळक झाले.

दुरुस्ती

एका विद्यार्थ्याने मेनूला ‘झेड-इंडेक्स’ ९९९९ दिला. काहीच घडले नाही. येथे पुष्कळांची फसगत होते. साध्या मांडणीत ज्या घटकाला ‘पोझिशन’ दिलेली नाही, त्याच्यावर झेड-इंडेक्सचा परिणाम होत नाही. मेनूला ‘पोझिशन : रिलेटिव्ह’ दिल्यावर तो वर आला व चालू लागला, परंतु मेनूची पट्टी खाली लोंबणाऱ्या फुलांवर चढली. म्हणून तो बदल मागे घेऊन आम्ही तोरणाच्या चित्रालाच ‘पॉइंटर-इव्हेंट्स : नन’ ही सूचना दिली. आता तोरण दिसते, पण क्लिक त्यातून आरपार मेनूपर्यंत पोहोचते. केवळ शोभेच्या घटकाला हाच उपाय योग्य. ज्या घटकात स्वतःचे बटण आहे, त्याला ही सूचना देऊ नये, अन्यथा ते बटणच निकामी होईल.

पोझिशन देऊनही मेनू वर येत नसेल, तर त्याच्या बाहेरील घटकाला ऑपॅसिटी किंवा ‘ट्रान्सफॉर्म’ दिला आहे का ते पाहावे. असा घटक आपल्या आतील थरांचा स्वतंत्र संच करतो. मग आतल्या मेनूचा आकडा कितीही मोठा असला, तरी तो त्या संचाबाहेरच्या थरांशी स्पर्धा करू शकत नाही.

दुरुस्तीनंतर कंट्रोल व एफ५ एकत्र दाबून पान नव्याने आणावे, म्हणजे साठविलेली जुनी प्रत समोर येत नाही. त्यानंतर साध्या मोबाइलवर प्रत्येक दुवा दाबून पाहावा. माउस वर नेल्यावरच उघडणारे उपमेनू बोटाने उघडतीलच असे नाही.

त्या पालकांचा अर्ज आम्ही त्याच दिवशी कार्यालयात भरून घेतला व त्यांची क्षमा मागितली. तोरण लावल्यापासूनच्या त्या दिवसांत आणखी किती जण ‘प्रवेश’ दाबून परत फिरले असतील, ते कळण्याचा मार्ग आमच्याजवळ नाही. तेव्हापासून पानावर कोणताही बदल केला की वसतिगृहातील दोन विद्यार्थी दर्शनी पानावरील सारे दुवे मोबाइलवर दाबून पाहतात आणि वहीत नोंद करतात. वाचकांनाही विनंती आहे, की आमच्या पानावर काही अडल्यास कोणता मोबाइल, कोणते पान आणि काय दाबले, एवढे अवश्य कळवावे. दोष आपल्या मोबाइलचा आहे, असे उत्तर आता आमच्याकडून येणार नाही.