नाव ठेवलं कोणी?

लढाऊ स्क्वाड्रनच्या नावांमागच्या कहाण्या जमवण्याचा मला जुना नाद आहे. त्यातून हाती लागलेलं थोडं.

१. पराक्रमाच्या आधी पैसा कोणाचा ते बघावं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची १२२ क्रमांकाची स्क्वाड्रन ‘बॉम्बे’, १३२ ‘सिटी ऑफ बॉम्बे’, तर १५२ ‘हैदराबाद’. वैमानिक बहुतेक गोरे. नावं मात्र देणगीदार मुलखांची. १५२च्या बोधचिन्हावर तर चक्क निजामाची पगडी! १९४०मध्ये याच स्क्वाड्रनची स्पिटफायर विमानं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जर्मनांशी झुंजत होती. तेव्हा मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता. म्हणजे देणगी देणाऱ्या निजामाच्या खजिन्यात औरंगाबाद-नांदेडकडच्या शेतकऱ्यांचा साराही होताच की. बोधचिन्हावर त्यांचं मुंडासं कोण काढणार?

२. वैमानिकाच्या कॉलसाइनमध्ये, म्हणजे रेडिओवरच्या सांकेतिक नावात, फार खोल अर्थ शोधू नये. कृत्रिम पायांनी विमान चालवणारा डग्लस बेडर रेडिओवर ‘डॉग्सबॉडी’ म्हणून ओळखला जाई. कारण एवढंच, की त्याची आद्याक्षरं डी. बी.

३. चित्र एकाचं आणि नाव भलत्याचंच, असंही होतं. जर्मन मेसरश्मिटच्या नाकावरचा शार्कचा जबडा ब्रिटिशांच्या ११२ स्क्वाड्रननं आफ्रिकेत उचलला. तिथल्या विमानांचे फोटो बघून १९४१मध्ये ब्रह्मदेशात असलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांनी तो आपल्या विमानांवर रंगवला. जगभर त्यांचं नाव झालं ते मात्र ‘फ्लाइंग टायगर्स’. शार्कचा वाघ कसा झाला ते त्यांचा सेनापती चेनॉल्टलाही उमगलं नव्हतं. आठवणींत त्यानं तसं लिहूनच ठेवलंय. पुढे डिस्नेच्या चित्रकारांनी पंखवाला वाघ काढून दिला.

४. सभ्य नावाखाली कधीकधी शिवी दडलेली असते. १९४३मध्ये पॅसिफिकमध्ये स्क्वाड्रन-प्रमुख बॉइंग्टनच्या अमेरिकी मरीन वैमानिकांनी स्वतःला ‘बॉइंग्टनचे बास्टर्ड्स’ म्हणायचं ठरवलं. वर्तमानपत्रं असलं छापणार नाहीत, म्हणून ‘ब्लॅक शीप’ झालं. बॉइंग्टनला पोरं ‘पॅपी’ म्हणत. वय जेमतेम तिशीचं!

५. स्वतः घेतलेल्या नावापेक्षा कामानं मिळालेलं नाव मला मोलाचं वाटतं. आपल्या हवाई दलाची ६ क्रमांकाची स्क्वाड्रन मेहर सिंगांच्या हाताखाली ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर हरिकेन विमानांमधून जपानी ठाण्यांची टेहळणी करायची. तिथे लढणाऱ्या ब्रिटिश चौदाव्या सेनेवरून तिला ‘चौदाव्या सेनेचे डोळे’ म्हणू लागले. वाघ-सिंह कोणीही रंगवावेत, हे नाव कमवावं लागतं.

तुमच्या घरी कोणी हवाई दलात असेल, तर त्यांच्या स्क्वाड्रनचं नाव कोणी आणि का ठेवलं ते विचारा, आणि लगेच लिहून ठेवा.