हार्ड डिस्क नवी, परवाना जुनाच

प्रश्न : वेरूळला घृष्णेश्वर मंदिराजवळ माझे छायाचित्रांचे दुकान आहे. नामांकित कंपनीच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बिघडल्याने नवी बसविली. विंडोज पुन्हा विकत घ्यावी लागेल काय?

उत्तर : बहुधा नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, विंडोजसह विकल्या गेलेल्या बहुतेक यंत्रांचा परवाना-क्रमांक मदरबोर्डवरील चिपमध्ये नोंदलेला असतो; त्यामुळे डिस्क गेली तरी परवाना शाबूत राहतो, आणि नष्ट होते ती केवळ तिच्या एका राखीव विभागात कंपनीने केलेली पुनःस्थापनेची तजवीज.

दुसऱ्या संगणकावर, किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून स्थापना-प्रत विनामूल्य तयार करावी. यंत्र डेल किंवा एचपीचे असल्यास त्याच्या तळाशी छापलेल्या क्रमांकावरून कंपनीची स्वतःची प्रत मिळू शकते (तिला पेनड्राइव्ह मोठा लागतो). मी तीच पसंत करीन, कारण ड्रायव्हर शोधण्याची तसदी वाचते. आवृत्ती मात्र मूळचीच, होम असेल तर होमच, निवडावी; मग इंटरनेट जोडताच परवाना आपोआप मंजूर होतो. इंटेलच्या अलीकडच्या यंत्रांत नवी डिस्क यादीत दिसली नाही, तर रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा.

जुनी डिस्क मात्र कृपा करून टाकू नका. यात्रेकरूंची छायाचित्रे तीत असतील, आणि ती पुन्हा काढता येणार नाहीत. तिच्यातून टकटक आवाज येत असेल तर वारंवार जोडून पाहू नये, थेट जाणकाराकडे सोपवावी. तिच्यावर बिटलॉकर, म्हणजे माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असल्यास ४८ अंकी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आधी शोधून ठेवावी.