‘ऑटम’ म्हणजे शरद काय?

इंग्रजी काव्याच्या तासाला ‘ऑटम’ या शब्दापुढे आपण सर्रास ‘शरद’ असे लिहितो. मला हा पर्याय अपुरा वाटतो. आपला शरद म्हणजे निवळलेले आकाश, कोजागरीचे चांदणे आणि डोलणारी पिके. इंग्लंडमधील ऑटम म्हणजे रंगणारी, गळणारी पाने आणि दाराशी आलेला हिवाळा. कीट्सने ‘टू ऑटम’ ही कविता १९ सप्टेंबर १८१९ रोजी विंचेस्टर येथे लिहिली. तीत पिकलेली फळे आहेत, कापणी झालेली शेते आहेत. तेवढ्यापुरता आपला शरद जुळतो. पुढचे दोन महिने मात्र आपल्या ओळखीचे नाहीत.

दिवस लहान होऊ लागला की पानांतील हरितद्रव्याचे विघटन होते आणि नत्रासारखी मोलाची द्रव्ये झाड फांद्यांत व खोडात ओढून घेते. हिरवा रंग ओसरताच आधीपासून पानात असलेला पिवळा रंग दिसू लागतो. तांबडा मात्र बहुधा याच सुमारास नव्याने तयार होतो. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा पातळ थर बनून पान सुटते. आपण ज्याला ऱ्हास म्हणतो, ती वस्तुतः झाडाची बेगमी आहे.

खेड्यातील बागवानही तेव्हा बेगमीलाच लागतो. डेलिया मूळची मेक्सिकोची. पहिल्या हिमकणांनी तिची पाने काळी पडली की कंद उकरून, वाळवून, गारठा न शिरणाऱ्या जागी ठेवतात. ट्युलिपचे नेमके उलटे. त्याचे कंद नोव्हेंबरात मुद्दाम पुरतात, कारण थंडी सोसल्यावाचून ते नीट फुलत नाहीत. गळलेली पाने तारेच्या जाळीत साठवली की एक-दोन वर्षांत बुरशी त्यांचे काळे, भुसभुशीत खत करते. ५ नोव्हेंबरच्या होळीसाठी रचलेला ढीग पेटविण्यापूर्वी उसकून पाहावा लागतो; हेजहॉग हा लहानसा काटेरी प्राणी हिवाळी झोपेसाठी त्यात शिरलेला असू शकतो. (ही होळी १६०५ सालच्या कटाची आठवण, आपल्या होळीशी तिचा संबंध नाही.)

आपल्याकडे पाने गळतात ती मुख्यतः शिशिरात, आणि थंडीपेक्षा जमिनीतील ओल आटल्यामुळे. साग, पळस, काटेसावर ही त्या वेळची उघडी झाडे आपण पाहतोच. रंगांचा प्रत्यय हवा असल्यास देशी बदामाकडे पाहावे. गळण्यापूर्वी त्याची पाने लालभडक होतात.

मग ‘ऑटम’साठी ‘शिशिर’ लिहावे काय? तर कीट्सची फळे कोठे ठेवायची? मला ‘पानगळीचा हंगाम’ हा शब्दप्रयोग बरा वाटतो. अमेरिकन लोक या ऋतूला ‘फॉल’च म्हणतात. कीट्सपुरता ‘शरद’ चालेल, असे वर्गात कोणी म्हटल्यास मात्र मी वाद घालणार नाही.